बहात्तर ठोके

घड्याळजींना कुणी वेळ विचारली की ते आधी विचारत, "कुठली?" दुकानातली बाकी घड्याळं इथली वेळ दाखवायची, पण खुर्चीमागचं मोठं ठोक्याचं घड्याळ होतं लेकीचं. ती परदेशी शिकायला गेली आणि ते साडेनऊ तास मागे गेलं.

"म्हणजे तिकडे दुपारी उजाडतं?" शेजारच्या शिंप्याने एकदा विचारलंच.

"अहो, सूर्य एकच! तो सगळीकडे एकदम कसा उगवेल? इथून तिकडे पोचायला त्याला साडेनऊ तास लागणारच की!"

लेकीची झोप मात्र कुंभकर्णाची. तीन गजर लावायची आणि तिन्ही झोपेतच बंद करायची. मागच्या परीक्षेचा पेपर असाच हुकला होता. या वेळचाही हुकला तर अख्खं वर्ष पाण्यात. म्हणून सोमवार ते शुक्रवार तिथले सहा वाजले की घड्याळजी दुकानातून फोन लावत आणि ती "उठले" म्हणेपर्यंत पिच्छा सोडत नसत.

परीक्षा सोमवारी होती. मोठ्या घड्याळात सहाचे ठोके पडले आणि त्यांनी फोन स्पीकरवर लावला.

"बाबा," लेक कशीबशी बोलली, "पाच वाजलेत हो!"

"माझं घड्याळ चुकत नाही!"

"शनिवारी रात्री इथे सगळ्यांनी घड्याळं तासभर मागे घेतली. हिवाळा आला की घेतात."

"अख्ख्या देशाने काटे मागे फिरवले? काही लाज? अगं, ठोक्याच्या घड्याळाचे काटे मागे फिरवले तर यंत्र बिघडतं!"

"सहाला उठवा, बाबा. पाया पडते."

घड्याळजींनी फोन घड्याळाच्या मागे ठेवला आणि तणतणतच काटा हातात धरला. एक तास मागे यायचं तर अकरा तास पुढे जायचं, आणि प्रत्येक तासाचे ठोके पुरे होऊ द्यायचे, ही त्यांची रीत. सात वाजले, आठ वाजले, बारा वाजले, पुन्हा एक वाजला.

"अहो, आज संपणार आहे का हे?" शिंपी कानावर हात ठेवून ओरडला.

पाचाचे ठोके पडले तेव्हा कुठे घड्याळजी खाली बसले. मग तासभर काट्याकडे नुसते बघत राहिले. सहा वाजले आणि त्यांनी खिशात हात घातला. फोन नाही! खण उपसला, टेबलाखाली वाकून पाहिलं. शेवटी शिंप्याचा फोन हिसकावून घेतला. तिकडचा फोन व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त!

ते शिंप्यावरच ओरडले, "परीक्षेच्या दिवशी कार्टी बोलतेय तरी कुणाशी?"

"तुमच्याशीच, बाबा!" घड्याळामागून आवाज आला.

घड्याळजींनी घड्याळामागे डोकावून पाहिलं.

"तुम्ही फोन बंदच केला नाहीत," लेक हसत होती. "बहात्तर ठोके मोजले मी. झोप पार उडाली. म्हटलं, राहिलेला धडा तरी वाचून काढावा."

"मग तू का नाही बंद केलास?"

"टिकटिक ऐकू येत होती. घरी बसून अभ्यास केल्यासारखं वाटलं."

घड्याळजी खेकसले, "ऊठ, आवर! उशीर होईल."

"आवरते. पण मी दाराबाहेर पडेपर्यंत फोन तसाच राहू द्या."

त्यांनी फोन उचलला आणि घड्याळाच्या आणखी जवळ ठेवला.