टायरांची चकाकी

परवा माझ्या थोरल्या भावाचा नातू नवी रिक्षा घेऊन दारात आला. चाकं काळीभोर चमकत होती. हातातली बाटली दाखवत त्याने विचारलं, "आजोबा, तुम्ही मोटारीवर होतात ना? हे टायरला लावलं तर रबर खराब तर होणार नाय? दुकानदार सांगतो चांगलं हाय, तो सगळंच चांगलं सांगतो."

मी बाटली हातात घेतली नाही. त्याला वाटलं, मला रिक्षाची भीती वाटते. हसून म्हणाला, "घाबरू नका. मी आमच्या आजोबांसारखा पिऊन नाय हाकणार."

आमच्या घरात हे वाक्य इतक्या वेळा बोललं गेलं आहे की त्यात आता कुणाला काही टोचत नाही. दादा पिऊन मोटार चालवत होता, म्हणून हातखंब्याच्या उतारावर ती उलटली, म्हणून एक म्हातारी गेली. दादाच्या मुलाने तर बापाचा फोटोसुद्धा भिंतीवर न लावता ट्रंकेच्या तळाशी टाकला. हे सगळं खोटं आहे, आणि ते खोटं माझ्यामुळे टिकलं.

महायुद्धाच्या आधीची गोष्ट. रत्नागिरीहून घाटावर प्रवासी नेणाऱ्या एका सर्व्हिस मोटारीवर दादा ड्रायव्हर होता आणि मी क्लीनर. मी तेव्हा चांगला मिशीवाला, लग्न झालेला माणूस होतो. आमचं घर दर्यावर्दी. दादा तरुणपणी मुंबईला एका बंगल्यावर मोटार चालवायला शिकून आला, म्हणून आम्ही दोघं पाण्यावरून रस्त्यावर आलो.

पावसाळ्यात मोटार बंद असायची. मालकाकडे जागा नव्हती, म्हणून ती आमच्या किनाऱ्यावरच्या खोपीत, काकांच्या मचव्याशेजारी ठेवली जाई. चाकांवर भार नको म्हणून खाली लाकडाचे ओंडके लावायचे. त्या वर्षी मालक शेठ खोपीत येऊन टायरांकडे बघत राहिले. तांबड्या मातीने टायर विटकरी झाले होते, मधेमधे करडे पडले होते.

"दसऱ्याला गाडी बाहेर काढाल तेव्हा टायर नव्या बुटासारखे दिसले पाहिजेत," शेठ म्हणाले. "ती दुसरी सर्व्हिसवाली गाडी बघा, बायकासुद्धा तिच्याकडेच धावतात."

दादा सासुरवाडीला भातलावणीसाठी निघाला होता. जाताना मला म्हणाला, "साबणाच्या पाण्याने धू आणि वायच ग्लिसरीन पाण्यात कालवून फडक्याने पूस. मुंबईला आम्ही तेच करायचो. तेल, रॉकेल, ग्रीस, असलं काय लावू नको. रबर तेल पितं आणि कुजतं."

मी औषधांच्या दुकानात गेलो. ग्लिसरीन मागितल्यावर दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं.

"ओठ फुटले काय रे? का बायकोचे?"

"मोटारीच्या टायरला पायजे."

बाकड्यावर बसलेले दोघे-तिघे खोकला विसरून हसले. एकजण म्हणाला, "मेल्या, टायरला ग्लिसरीन, मग गाडीला काजळ घालणार काय?" मी तसाच परत फिरलो. पुन्हा त्या दुकानाची पायरी चढायची मला लाज वाटली. एवढंच कारण.

खोपीत काका मचव्याला तेल देत होते. मुशी माशाच्या काळजाचं ते तेल. पावसाळ्यात होडी वर ओढली की आमच्याकडे तिला ते पाजतात, नाहीतर लाकूड सुकून तडकतं. मी त्यांना टायरचं सांगितलं.

"रबर म्हणजे काय?" काकांनी विचारलं.

"झाडाचा चीक."

"मग झालं तर. लाकूड झाडाचं, चीकही झाडाचाच. माझ्या आज्यापासून आमची लाकडं या तेलावर जगली. तुझं रबर काय लाटसाहेब हाय?"

मला ते पटलं. दादाने सांगितलेलं मुंबईचं होतं, हे आमचं होतं. मी तेलात दिव्याची काजळी कालवली आणि चारही टायरांना चोळली. काय झळाळी आली! पावसाळाभर अधूनमधून मी ते लावत राहिलो. टायर अंगठ्याखाली मऊ लागू लागला, तेव्हा मला वाटलं रबर ताजं झालं.

दसरा जवळ आला तेव्हा मात्र मऊपणा निराळा वाटला. पुढच्या डाव्या टायरची कड फुगली होती आणि बोटाला काळा चिकटा लागत होता. मी त्यावर चुलीतली राख चोळली. चिकटा गेला. त्यावर पुन्हा थोडं तेल लावलं. त्या वेळी मला कळलं होतं. कळलं नव्हतं असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं, पण राख चोळणाऱ्या माणसाला कळलेलं असतं.

दादा परत आला. खोपीत शिरताच त्याने नाक वर केलं. "वास कसला रे? टायरला काय लावलंस?"

"ग्लिसरीन," मी म्हणालो. "वास मचव्याचा."

मचवा शेजारीच होता. दादाने माझ्याकडे बघून मान डोलावली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही भरलेली मोटार घेऊन निघालो. रेडिएटरवर आदल्या दिवशीच्या झेंडूच्या माळा होत्या. हातखंब्याच्या उतारावर पुढचं डावं चाक फुटलं. दादाने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलेलं मी मागून पाहिलं. मोटार चर ओलांडून कुंपणाला रचलेल्या जांभ्या दगडाच्या गडग्यावर आपटली आणि एका अंगावर पडली. बाकीच्यांना खरचटलं. लेकीच्या बाळंतपणाला निघालेली एक म्हातारी डोक्यावर आपटली. तिच्या गाठोड्यातले डिंकाचे लाडू रस्त्यावर पसरले होते. ती घरी परतली नाही.

चौकशीला पोलिसांचे साहेब आले. दादा एकच सांगत होता, "आधी टायर फुटला." शेठ म्हणाले, "टायर आधी कसा फुटेल? गडग्यावर आपटून फुटला. बाकीचे तीन बघा ना, नव्यासारखे चमकतायत. पावसाळाभर निगा राखली आहे. काल दसरा होता, ड्रायव्हर मंडळींचं आपल्याला ठाऊक आहेच."

साहेबांनी उरलेले टायर पाहिले. चकाकी खरंच डोळ्यांत भरत होती. मग माझ्याकडे वळले.

"तू लावायचास ना? काय लावलंस?"

दादा माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "ग्लिसरीन, साहेब."

"ठीक. त्याने रबराला काही होत नाही," साहेब म्हणाले, आणि टायरचा विषय संपला. उरला दादा. त्याचं लायसन गेलं. दारूचा थेंब त्याने आयुष्यात घेतला नव्हता, पण दसऱ्याचा दुसरा दिवस आणि मेलेली म्हातारी, एवढं गावाला पुरलं.

संध्याकाळी आम्ही दोघंच मोटारीपाशी होतो. दादाने मागच्या टायरवर बोट घासलं, वास घेतला आणि जिभेला लावलं. थुंकला. मग मोठ्या शांतपणे म्हणाला, "ग्लिसरीन गोड असतं रे."

त्यानंतर या विषयावर तो कधी बोलला नाही. त्याने खरं सांगितलं असतं तर खोटी साक्ष दिली म्हणून मी आत गेलो असतो. माझी बायको तेव्हा पोटुशी होती. दादा बोटीवर खलाशी म्हणून गेला, म्हातारपणी परत आला, ओटीवर बसून जाळी विणत राहिला आणि तसाच गेला. पोरं त्याला बेवडा म्हणायची तेव्हा मी तिथेच बसलेला असायचो.

रिक्षावाल्या नातवाला मी हे सगळं सांगितलं. त्याने बाटली रिक्षाच्या सीटखाली सरकवली. म्हणाला, "हे बाबांना सांगा."

"तू सांग."

"नाय. तुम्हीच."

काल मी दादाच्या मुलाकडे गेलो. तोही आता म्हातारा झाला आहे. तो ओटीवर बसून ऐकत होता. मी थांबल्यावर त्याने एवढंच विचारलं, "वास नव्हता आला त्यांना?"

"आला होता," मी म्हणालो. "मी मचव्याचा सांगितला. त्याने मानला."

तो उठून आत गेला. मी पुष्कळ वेळ ओटीवर बसून होतो. आतून ट्रंक उघडल्याचा आवाज आला, पण बाहेर कोणी आलं नाही.