बाईंची बर्फाची रेघ

डोंगरांचा फोटो टेबलावर पसरला की बाई आधी चष्मा काढायच्या आणि फोटोवर हलकेच फुंकर मारायच्या. "जातोय का बघू," म्हणायच्या. जाणार कसा? ढग कागदावर छापलेला! उपग्रहाने वरून फोटो काढला त्या घटकेला तो हिमालयावर होता, आणि आता आमच्या ठाण्याच्या ऑफिसात मुक्कामाला आलेला. पण फुंकर मारल्याशिवाय बाईंनी कामाला हात घातलाय, असं मी कधी पाहिलं नाही. मग पेन्सिल उचलून त्या म्हणायच्या, "नाही जात. ढग आहे, तर ढगच लिहू."

वर्तकनगरच्या अलीकडे, एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर आमचं ऑफिस. संस्थेचं नाव सांगत नाही. सांगून तिचा मान वाढवायची माझी इच्छा नाही. ऐंशीचं दशक संपत आलेलं, तेव्हा मी तिथे ट्रेसर म्हणून लागले. काचेच्या टेबलाखाली ट्यूबलाइट, काचेवर उपग्रहाचा फोटो, त्यावर पारदर्शक फिल्म, आणि फिल्मवर बाई रेघ ओढणार. रेघेच्या वर बर्फ, खाली नाही. ती रेघ मी शाईने गिरवायची. उन्हाळ्याच्या तोंडाशी बर्फ कुठवर आहे हे कळलं, की खाली नदीला किती पाणी येईल याचा अंदाज बांधता येतो. आणि वर्षावर्षाच्या रेघा एकीवर एक ठेवल्या, की हवामान बदलतंय का, बर्फ वर वर सरकतोय का, तेही दिसायला लागतं. हे सगळं बाईंनी मला पहिल्याच दिवशी समजावलं आणि लगेच बजावलंसुद्धा, "चार वर्षांच्या रेघा बघून कुणी निकाल लावायला लागला ना, तर त्याला चहा विचारू नकोस."

बाई आधी शाळेत भूगोल शिकवायच्या, म्हणून ऑफिसभर त्या 'बाई'च. राहायला डोंबिवलीत. मूलबाळ नाही. यजमान तिथल्याच एका कारखान्यात होते. अगदी अबोल माणूस. मी घरी गेले की ते चहा करून आणायचे, कप ठेवायचे आणि आत निघून जायचे.

मे महिन्यात त्या माडीवर काय उकडायचं म्हणून सांगू! खाली गिरणी, वर पत्रा, आणि आम्ही बर्फाच्या रेघा ओढतोय. बाई मनगटाखाली रुमालाची घडी ठेवायच्या. म्हणायच्या, "घाम पडू देऊ नकोस गं हिमालयावर. बर्फ वितळला तर आपल्या डोक्यावर येईल." एकेका दरीशी त्यांची ओळख होती. "ही गुणी आहे, कधी त्रास देत नाही. तो पलीकडचा नाला मात्र महाहट्टी, दरवर्षी ढग पांघरून बसतो." सासरच्या माणसांबद्दल बोलावं तसं बोलायच्या.

आता महत्त्वाचं सांगते. बाईंची रेघ सगळीकडे सलग नसायची. डोंगराच्या उत्तरेच्या अंगाला सावली असते. सावलीतला बर्फ फोटोत काळा दिसतो, तो कुठे संपला ते कळत नाही. तिथे बाई तुटक रेघ काढायच्या. तुटक म्हणजे, खात्री नाही. साहेबांना ती रेघ बघवायची नाही. "बाई, हे काय टाके घातलेत? जोडून टाका ना!"

"तिथे जाऊन बघितलं, की जोडते साहेब."

आणि तिथे त्यांना कधी पाठवलं नाही. फोटोत दिसतं तसंच जमिनीवर आहे का, हे तपासायला दर उन्हाळ्यात आमच्या ऑफिसातून माणसं डोंगरात जायची. बाई दरवर्षी साहेबांपुढे उभ्या राहायच्या. दरवर्षी एकच उत्तर. "बाई, तिकडे बायकांची सोय नाही हो." अहो, तिकडे बायका राहत नाहीत का? तिथल्या गावांत काय पुरुषच पोरांना जन्म देतात? त्या डोंगरातल्या बायका पाठीवर लाकडं घेऊन चढतात आणि आमच्या बाईंना म्हणे सोय नाही! मला तेव्हाही संताप यायचा, आता लिहितानाही येतोय.

जायचे कोण? साहेबांचे दोन लाडके. एक त्यांच्या गावचा, दुसरा त्यांची बॅग उचलणारा. रेघ कशाशी खातात ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. महिनाभराने लालबुंद होऊन यायचे, सगळ्यांना अक्रोड वाटायचे. "बाई, तुमच्यासाठी स्पेशल आणलेत."

"अक्रोड काय, आपल्या बाजारातही मिळतात रे," बाई म्हणायच्या. "रेघेचं काय झालं?"

"एकदम बरोबर बाई! मानलं तुम्हाला!"

दरवर्षी एकदम बरोबर. दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता. बाईंचा चेहरा पडायचा. "सगळीकडे बरोबर कशी येईल गं?" मला विचारत राहायच्या. "इतकी मी कोण लागून गेले?"

एकदा मी म्हटलं, "बाई, यजमानांना घेऊन एखाद्या टूरने जाऊन या ना सरळ. बर्फ तरी बघून होईल." त्या खळखळून हसल्या. "टूरवाले मला रस्त्याकडेचा बर्फ दाखवतील आणि घसरगुंडीवर बसवतील. मला बर्फ नाही गं बघायचा. मला माझी रेघ बघायचीय." आणि ती रेघ होती पार आत, परवानगीशिवाय जाता येत नाही अशा ठिकाणी.

मग ते वर्ष आलं. नव्वद उलटून गेलेलं. दोघे वीर नेहमीप्रमाणे गेले, परत आले, अक्रोड वाटले. अहवालात प्रत्येक जागेपुढे लिहिलेलं, 'प्रत्यक्ष पाहिले, बर्फ आहे.' डोंगराच्या एका सोंडेपुढे तर 'गुडघाभर बर्फ' असं लिहिलेलं. नकाशा पाठवायची घाई चाललेली, आणि तेवढ्यात नवा फोटो आला. नेमका हे दोघे डोंगरात होते त्याच आठवड्यातला.

बाईंनी फुंकर मारली नाही. फोटो इतका स्वच्छ होता. बराच वेळ भिंग लावून बसल्या आणि मला म्हणाल्या, "माझं चुकलं गं. हे बघ." आजूबाजूचा बर्फ जागच्या जागी होता. त्याच उंचीवरचा, त्याच उन्हातला. फक्त त्या सोंडेवरचा पांढरा तुकडा नाहीसा झालेला, खाली उघडा खडक. म्हणजे आधीच्या फोटोत तिथे बर्फ नव्हताच. ढगाचा तुकडा होता, आणि बाईंनी तो बर्फ समजून रेघेच्या आत घेतलेला.

मग त्यांना अहवाल आठवला. उठल्या आणि सरळ साहेबांच्या केबिनमध्ये. मी मागोमाग, दारात. दोघे लाडके तिथेच चहा पीत होते.

"या सोंडेवर गुडघाभर बर्फ तुम्ही पाहिलात?" बाईंनी विचारलं.

"पाहिला म्हणजे? उभे होतो आम्ही त्याच्यात! च्यायला, बूट भिजले सगळे!"

"तिथे ढग होता," बाई म्हणाल्या. "ढगावर उभे राहून आलात का तुम्ही?"

मला हसू आवरेना. पण दोघांचे चेहरे बघितले आणि उलगडा झाला. हे वर गेलेच नव्हते हो! कुठल्याच वर्षी. पायथ्याच्या हॉटेलात बसून बाईंचीच रेघ बघून अहवाल लिहायचे, आणि तोच अहवाल दाखवून बाईंना सांगायचे, एकदम बरोबर. इतकी वर्षं बाईंच्या पेन्सिलीला बाईंचीच पेन्सिल साक्षीदार!

साहेबांनी काय करावं? कप खाली ठेवला आणि म्हणाले, "म्हणजे चूक तुमची, आणि आरोप दुसऱ्यांवर?"

"चूक माझीच आहे," बाई म्हणाल्या. "म्हणून तर मला जायचं होतं."

आवाज चढवला नाही. मी असते तर चहा डोक्यावर ओतला असता. बाईंनी दुपारभर बसून फिल्म दुरुस्त केली, ती सोंड रेघेबाहेर काढली, जिथे जिथे खात्री नव्हती तिथे रेघ तुटक केली. साहेबांनी जुनीच फिल्म पाठवली. सगळे टाके जोडून. बाई म्हणाल्या, "मग माझं नाव काढा." आनंदाने काढलं! त्या जागी दोघा लाडक्यांची नावं घातली. खाली नदीकाठी कुणी त्या नकाशावर भरवसा ठेवून पाण्याचा हिशेब केला असेल, त्याचं काय झालं असेल? बाई हेच विचारत राहिल्या. आमच्यापैकी कुणालाच ते ठाऊक नव्हतं.

पुढे त्यांचं टेबलच बदललं. हिमालय काढून घेतला आणि घोडबंदर रोड दिला. खाडीकाठची झाडी कुठे गेली, इमारती कुठे आल्या, ते मांडायचं. आणि गंमत बघा, इथे जागेवर जाऊन बघायला कुणाची हरकत नव्हती. "रिक्षाने जा बाई, भाडं देतो." त्या गेल्याही. उन्हात चिखल तुडवत, कोळणींना विचारत, "ताई, पूर्वी झाडं कुठवर होती?" तेही काम त्यांनी तितक्याच निगुतीने केलं. पण डोंगरांचे फोटो आलेले दिसले की मान वळवून घ्यायच्या.

निवृत्तीला थोडे महिने राहिले असताना त्या आजारी पडल्या. दुखणं वाईट होतं, त्याने फार दिवस दिले नाहीत. मी भेटायला गेले तर विचारलं, "यंदा कोण गेलंय?" मी सांगितलं, तेच. त्यांनी डोळे मिटून घेतले.

ऑफिसात शोकसभा ठेवली. तोच हॉल, टेबलं भिंतीला लावलेली, बाईंचा फोटो, हार. पहिल्या रांगेत त्यांचे यजमान. साहेब बोलायला उभे राहिले. त्यांना बोलायला काय लागतं! म्हणाले, "बाईंनी हिमालयाचा कडा न् कडा पायांखाली घातला. स्त्री असूनही आम्ही त्यांना कधी मागे ठेवलं नाही."

त्यापुढचं मला ऐकूच आलं नाही. मी उभी राहिले होते. "खोटं आहे, साहेब," मी म्हटलं. "बाई एकदाही गेल्या नाहीत. तुम्ही पाठवलंच नाहीत त्यांना. दरवर्षी मागत होत्या."

कुणीतरी मागून "अगं, बस ना, ही काय वेळ आहे का," म्हणून माझा पदर ओढला. साहेब खिशातला रुमाल शोधायला लागले. मलाही वाटलं, खरंच, त्यांच्या यजमानांसमोर हे नको होतं. मी खाली बसायला लागले.

यजमान खुर्चीतल्या खुर्चीत माझ्याकडे वळले. मी त्यांचा आवाज असा मोठ्याने कधी ऐकला नव्हता.

"बसू नका," ते म्हणाले. "सगळं सांगा. पहिल्यापासून."