म्हशींच्या वाटेवरचे खड्डे

ती घटना आठवली की आजही पहिला राग स्वतःचाच येतो. तेव्हा मी इंदापूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी ओसरलं की काठाला वाळूचे छोटे छोटे किनारे उघडे पडतात. बारामतीच्या एक भूगोलाच्या प्राध्यापिका ड्रोनने फोटो काढून त्यांचा नकाशा करत होत्या.

सकाळी ठाण्यात फोन आला. "सायेब, हितं बायका धुणं धुत्यात, आन् ही बाई वरनं फोटू काढतीया!"

आवाज मी ओळखला. चोरून वाळू उपसणाऱ्या बोटींचा मालक. तरी मी गाडी काढली, ड्रोन जप्त केला, बाईंना ठाण्यात आणलं.

"परवानगी?"

त्यांनी कागद पुढे ठेवला.

"बायकांचे फोटो काढता?"

"एक तरी दाखवा." त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. एकही बाई नव्हती. काठालगतच्या उथळ पाण्यात मात्र काळे गोल दिसत होते.

"हे उपशाचे खड्डे, साहेब. पुरुष बुडेल एवढे. आणि ही म्हशींची वाट. आजच्या आज गावाला सांगा."

गुन्ह्याचा उलगडा तिथेच झाला होता. पण मालकाच्या पाठीशी कोण आहे ते मला ठाऊक होतं, आणि बदली नको होती. ड्रोनचं कार्ड मी पाकिटात मोहोरबंद केलं आणि डायरीत 'चौकशी चालू' लिहिलं. तक्रारीवर सही करायला गावातली एक बाईसुद्धा आली नाही. कुणाचे फोटो काढलेच नव्हते, तर कशाला येईल?

चार दिवसांनी गावातले एक वयस्कर तात्या म्हशींमागे पाण्यात उतरले. म्हैस चालतेय तिथं माणसाचे पाय टेकतात, असं काठावरचे सगळेच धरून चालतात. पुढची म्हैस चालत नव्हती, पोहत होती. तात्या वर आले नाहीत.

पंचनाम्याला त्यांची सून उभी होती. "उभा जल्म मामंजी हितंच उतरत्यात. त्यास्नी पाणी कळत न्हवतं व्हय, सायेब?"

मी मान वर न करता लिहिलं, 'खोलीचा अंदाज न आल्याने बुडून मृत्यू.' अकस्मात मृत्यूची नोंद झाली, कागद मिटले. वाळूचोरांची मला चीड आहेच, पण त्यांनी माझा हात धरून ते लिहून घेतलं नव्हतं. पुढे मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. कारण विचारणाऱ्यांना तब्येत सांगितली.

खात्यात मी पुष्कळांना खोटं बोलताना पकडलं; माझं खोटं मात्र कुणी पकडलं नाही. म्हणून हे त्या सुनेसाठी लिहितो. बाई, तुमच्या मामंजींना पाणी कळत होतं. खड्डे नवे होते, आणि ते मला चार दिवस आधी दाखवले होते.