पळस, पांगारा आणि सोजरबाईंच्या शेळ्या

गेल्या रंगपंचमीला मी वर्गासमोर मोठ्या ऐटीत पळसाच्या फुलांचा रंग उकळला आणि निघालं गढूळ पाणी. फुलं पांगाऱ्याची होती! विज्ञानाच्या बाईंना दोन लाल फुलांतला फरक कळेना, म्हणून मुलं वर्षभर हसली. यंदा त्यांना शब्द दिला, खरा पळस आणीन आणि तोही स्वतः ओळखून.

सोलापूरहून सकाळी सहाला निघालो. तामलवाडीला चहा घेतला. रस्ता गुळगुळीत आहे, येडशीच्या जंगलापर्यंत दोन तास धरा. तुळजापूर मागे पडलं आणि मी ओरडले, "पळस!"

"पेट्रोल पंपाची पाटी आहे ती," नवरा गाडी चालवता चालवता म्हणाला.

येडशीजवळ रामलिंगच्या घाटात धायटीच्या फुलांच्या बारीक लाल नळ्या मी बरोबर ओळखल्या. काटेसावरही ओळखली, बोटात काटा गेल्यावर. हा घाट अभयारण्यात येतो, तिथली काडीही उचलायची नसते, त्यामुळे नुसतं पाहिलं. तिथं जाणार असाल तर डबा माकडांपासून जपा.

जंगलाबाहेर एका बांधावर झाडाखाली केशरी सडा पडलेला. हाच का? की पुन्हा पांगारा? शेजारी शेळ्या राखत एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या, सोजरबाई.

"मावशी, हा पळसच ना?"

"म्या सांगून काय उपेग? देठाजवळ हात लावा. काळी मखमल लागली की पळस. पांगाऱ्याला तसलं न्हाय."

मी डोळे मिटून चाचपलं. मखमल! इतका आनंद झाला की बांधावरच एक गिरकी घेतली. पिशवी भरून ठेवली आणि फोटो काढायला वळले, तेवढ्यात एका काळ्या शेळीनं आत तोंड घालून निम्मी फुलं फस्त केली. मी हाड हाड करत धावले.

"हाकलू नगा तिला," सोजरबाई म्हणाल्या. "ह्या दिसांत हिरवं कुठं हाय? तुमीच तिच्या ताटातलं उचलायलाव."

मी ओशाळले. उरलेलीही परत सांडू लागले, तर त्या हसल्या.

"तेवढी न्या की! उकळताना चिमूटभर चुना टाका, लई रंग चढतो." कमरेच्या डबीतला चुना त्यांनी पानात बांधून दिला.

येडशीत भाकरी, पिठलं आणि शेंगांची चटणी खाऊन परतलो. तुम्हीही जा. होळीच्या आसपास, ऊन चढायच्या आत, पाणी सोबत घेऊन.

रंगपंचमीला शाळेत फुलं उकळायला ठेवली, चुना पडला आणि पातेल्यात झकास केशरी रंग उतरला. वर्गात एकच गलका झाला! वाट्याला मात्र प्रत्येकाच्या जेमतेम एक वाटी आली. शेळीची गोष्ट ऐकून अनघा म्हणाली, "बाई, पुढच्या वर्षी आधी शेळ्यांना जेवायला घालू." एक कडब्याची पेंढी न्यायची, हे तिथंच ठरलं.

वाळलेली दोन फुलं माझ्या टेबलाच्या खणात आहेत. मुलं डोळे मिटून हात लावतात आणि ओरडतात, "पळस!" आता मला कुणी हसत नाही. तरी वर्ग रिकामा झाला की मीही हळूच खण उघडते आणि एकदा चाचपून खात्री करून घेते.