डोहात गेलेली बाहुली

जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स होते. अंगात आलेल्या बायांना ग्लुकोजचं पाणी पाजून मी घरी पाठवलेलं आहे. त्यामुळे 'खरंच घडलं' म्हणून लोक जे लिहितात ते वाचून मला हसूच येतं, हे आधी सांगते. माझं हे लिखाण नात टाइप करून देते आहे, तीही हसते आहे... हसू दे.

छप्पन साल. आमचं गाव वडनेर, हिंगणघाट तालुक्यातलं. मी आठ वर्षांची, धाकटी शांता दोनेक वर्षांची. माय त्याच पावसाळ्यात तापाने गेली. अंथरुणात पडल्यापडल्या तिने जुन्या लुगड्याची बाहुली शिवली होती — आत कापूस, काळ्या दोऱ्याचे डोळे, कपाळावर कुंकू. पोरक्या पोरीचं सगळं काम तिची बाहुली गुपचूप करून ठेवते, अशी एक गोष्ट माय सांगायची. बाहुली माझ्या हातात देऊन म्हणाली, "मी नसली तं हे बाहुली पाहीन तुमाले."

माय गेल्यावर उंदरांच्या भीतीने मी ती भिंतीतल्या देवळीत, देवांच्या शेजारी ठेवली.

दसऱ्याला बा नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आला. वस्तीतल्या सगळ्यांनी घरातले देव टोपल्यांत भरले आणि नाल्याच्या डोहात सोडले. मी तेव्हा विहिरीवर होते. परत येऊन पाहते तर देवळी रिकामी.

"बा, माही बाहुली?"

"बाहुली होती का ते? कुंकू लावेल होतं, मले वाटलं देवीच हाय." बा ओशाळला. पण डोहात गेलेलं कोण काढणार? आणि माय गेल्यापासून तो तसाही फारसा बोलत नसे.

कापूसवेचणी सुरू झाली. बा सकाळीच शेतात जायचा. मी शांताला निजवून, बाहेरून कडी घालून पाण्याला जायची. एक दिवस परत आले तर घर झाडलेलं, भांडी घासून पालथी घातलेली. आणि शांताची वेणी घातलेली! तिचे केस ते केवढे, पण तेवढ्यांचीच... माय घालायची तशी घट्ट. मला वेणी येत नव्हती. बाला तर नाहीच नाही. खरं सांगते, मला भीती वाटली नाही. मी आनंदाने नाचले.

मग वास यायला लागला. डोहातल्या गाळाचा. शांताच्या केसांना, अंथरुणाला. पोर जेवेना. भाकर पुढे केली की तोंड फिरवायची, दाराकडे बोट करायची आणि म्हणायची, "बावली." तिला सगळे मिळून तीनच शब्द येत होते — बा, पानी, बावली. एकदा मी जबरदस्तीने तिचं तोंड उघडलं. जिभेवर मातीची भाकर होती. नीट थापलेली, गोल. खेळताना आम्ही बाहुलीला अशाच भाकरी भरवायचो.

पोर दिवसेंदिवस वाळत चालली. पोट तेवढं फुगलं. मी बाला सांगितलं. "लेकरं खातेतच माती," तो म्हणाला. शेजारच्या काकूने भगताला बोलवायला सांगितलं, तर एवढंच बोलला, "ते सारं सोडून आलो मी. नाई."

एक दिवस भर दुपारी पाणी घेऊन आले. कडी तशीच. आत शांता नाही. घागर टाकून मी शेताकडे पळाले, आणि तो गाळाचा वास आठवून तिथून बा आणि मी नाल्यावर.

शांता डोहात छातीभर पाण्यात बसली होती. रडत नव्हती. कोणी घास भरवावा तसं तिचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. समोर कोणी नव्हतं. मागेही नव्हतं — पण वेणी ओढून घट्ट करताना होते तशी तिची मान मागे मागे जात होती... बाने उडी टाकली, तिला धरलं, तर ती उचलली जाईना. चांगला गडी माणूस तो, दोन वर्षांची पोर त्याला हलेना.

मग बा पाण्यात उभा राहून रडायला लागला. माय गेल्यावरही मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. "सोड वं तिले," तो म्हणाला. "मी पाहीन आता पोरीले. तू जाय."

शांता सुटली.

काठावर आल्यावर तिने त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि बोलली. तीन शब्द येणारी पोर. मायच्याच सुरात, सावकाश — "मोठीलेही भूक लागते. तिले कोन पुसते?"

बा माझ्याकडे बघतच राहिला. त्या संध्याकाळी त्याने स्वतः भाकरी थापल्या, जाड आणि करपलेल्या, आणि पहिली माझ्या ताटात घातली. त्यानंतर काही घडलं नाही. शांता आज ठणठणीत आहे. तिला यातलं काही आठवत नाही.

माती खाणारी लेकरं मी पुढे खूप पाहिली, त्यांना औषधंही दिली. कडी ढिली असेल, पोर चालत गेली असेल, बाचा पाय गाळात रुतला असेल. सगळं मान्य. पण ते वाक्य कुठून आलं, ते मला आजही कळलेलं नाही. त्या दिवसांत मी बाला आणि शांताला वाढून उरलं तर खायची, नाहीतर पाणी पिऊन निजायची. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं.