डोळ्यांवरचा हात

"बैलाच्या डोयावर हात ठेवला, का सुई कवा टोचली हे त्याले समजतच नाही," असं उकंडराव एकदा गुरांच्या डॉक्टरांना म्हणाले होते. पिंपळगाव राजात गुरांना लस टोचायची असली की त्यांनाच बोलावणं येई. एका हातानं डोळे झाकायचे, दुसऱ्यानं गळ्याखाली खाजवायचं आणि "हो राजा, हो" म्हणायचं; मारका बैलही गरीब गाय होई. स्वतःच्या दंडाला मात्र त्यांनी कधी सुई लागू दिली नव्हती.

यंदा लेक पुष्पांजली बाळंतपणाला माहेरी आली आणि नात झाली. आजोबांनी हात पुढे केले, तशी लेक म्हणाली, "बाबा, सहा महिने हिले फ्लूची लस देता येत नाही. आमी साऱ्यायनं घेतली. तुमी घ्या, लस अंगात भिनाले पंधरा दिवस जाऊ द्या, मंग सव्वा महिन्याच्या बारशाले ही तुमच्याच मांडीवर."

तीन दिवस उकंडरावांनी दारातूनच पाळणा पाहिला. चौथ्या दिवशी ते बायको आशाबाईंसोबत दवाखान्यात गेले. सुई दिसताच स्टुलावरून उठले.

"एवढाले बैल धरता, अन् आता काऊन थरथरून राह्यले?" आशाबाई म्हणाल्या.

"बैलाले काय ठाव, सुई काय असते ते!"

आशाबाईंनी त्यांना खाली बसवलं, डोळ्यांवर तळवा ठेवला आणि गळ्याखाली खाजवू लागल्या. "हो राजा, हो."

"डॉक्टर, टोचायच्या आधी सांगजा बरं!"

"काका, टोचून झालं की."

सारा दवाखाना हसला. उकंडरावांनी बायकोचा हात हळूच बाजूला केला, बाही खाली ओढली, टोपी नीट केली आणि बाहेर पडले.