बाकाच्या टोकाची बाई

अंधेरीच्या आमच्या चर्चमध्ये मराठी मिस्साच्या प्रार्थनेला ती नेहमी माझ्याच बाकाच्या टोकाला बसायची. नाव मी कधी विचारलं नाही. तिच्या दंडावर अनेकदा इंजेक्शनच्या जागी कापूस चिकटवलेला असे आणि गुडघे टेकले की ती सगळ्यांच्या नंतर उठे.

मदर्स डेच्या रविवारी फादर म्हणाले, "सगळ्या आयांनी उभं राहा." ते एकेकीला गुलाब देत येऊ लागले. मी बसूनच होते. माझा एकुलता मुलगा जाऊन चार महिने झाले होते. मी अजून आई आहे का, हे मला कळत नव्हतं.

ती सरकत जवळ आली. "ऊठ ना गं."

मी नकारार्थी मान हलवली.

"मिस्सात गेलेल्यांच्या नावांत तुझ्या पोराचं नाव वाचलं, तेव्हा मी इथेच होते. होता ना तो? मग ऊठ."

"आणि तुम्ही?"

"मूल व्हावं म्हणून हे माझं नववं वर्ष आहे. डॉक्टर झाले, नऊ-नऊ दिवसांच्या नोव्हेना प्रार्थना झाल्या. परवा परत 'नाही' म्हणून रिपोर्ट आला." ती खाली बघत बोलत होती. "आधी मी या रविवारी यायचेच नाही. आता येशूकडे एवढंच मागते, सगळ्या उभ्या राहतील तेव्हा मला बसून राहता येऊ दे. तेवढं देतो तो."

मी उभी राहिले. फादर गुलाब देऊन पुढे जाईपर्यंत तिनं बसल्या जागेवरून माझा कोपर खालून घट्ट धरून ठेवला होता.